"फाईल उपलब्ध नाही": शीतयुद्धातल्या मुंबईचा माग काढताना आलेला अनुभव

इतिहासात पीएच.डी. करणाऱ्या आणि सरकारी अभिलेखागाराची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मला हवी होती ती फाईल शेवटी मिळाली, पण राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवायचा माझा विचारही नाही.

विषय आधी सांगते. १९५० ते १९६७ या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनी मुंबईतल्या माणसांची मनं आपल्याकडे वळवण्यासाठी पुस्तकं, सिनेमे, प्रदर्शनं, मासिकं आणि संगीत यांचा कसा वापर केला, हे मी शोधतेय. त्या काळात या शहरात काय काय घडत होतं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या लेखक-विचारवंतांच्या कम्युनिस्टविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेची भारतातली परिषद दिल्लीत व्हायची होती. नेहरू सरकारला ते रुचलं नाही, म्हणून मार्च १९५१ मध्ये ती मुंबईत भरली आणि ऑडनसारखा नामवंत इंग्रजी कवी तिला हजर राहिला. या संस्थेमागे सीआयएचा पैसा होता हे १९६६-६७ मध्ये अमेरिकन पत्रकारांनीच उघड केलं. जानेवारी १९५२ मध्ये देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. त्याला हॉलिवूडहून दिग्दर्शक फ्रँक काप्रा आला आणि सोव्हिएत पाहुणेही आले. १९५५ च्या अखेरीस ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन हे सोव्हिएत नेते येऊन गेले. १९५६ मध्ये अमेरिकेने जगभर फिरवलेलं 'फॅमिली ऑफ मॅन' हे छायाचित्रांचं प्रदर्शन मुंबईत लागलं, १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक या अमेरिकन पियानोवादकाचा जॅझ वाजला. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले. आणि मॉस्कोत छापलेली, अगदी किरकोळ किमतीची मराठी पुस्तकं तर आपल्यातल्या कित्येकांच्या घरी होती. आमच्याही होती.

विषय मंजूर होणं, नोंदणी, कोर्सवर्क यात सांगण्यासारखं काही नाही, ते होतं. ग्रंथालयांबद्दलही माझी तक्रार नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुनी मासिकं चाळली ते दिवस तर फार सुखाचे गेले.

अमेरिकेची बाजूही भराभर हाती आली. त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या कागदपत्रांचे खंड इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांची माहिती संस्था, म्हणजे १९५३ मध्ये स्थापन झालेली आणि आपल्याकडे 'यूसिस' म्हणून ओळखली जाणारी यूएसआयए, हिचे कागद वॉशिंग्टनजवळ, मेरीलँड राज्यातल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते मागवायचे तर 'रेकॉर्ड ग्रुप ३०६' असं सांगायचं. तिकडे शिकणाऱ्या एका मैत्रिणीने स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मला पाठवले. मुंबईतल्या वाचनालयात किती माणसं येतात, सिनेमे दाखवणारी फिल्मगाडी कुठे कुठे फिरली, सगळं त्यात आहे.

पण हे कागद एकटे वाचायचे नसतात. वॉशिंग्टनला जाणाऱ्या अहवालात जवळपास प्रत्येक कार्यक्रम यशस्वीच असतो, कारण पुढच्या वर्षीचा निधी त्यावर ठरायचा. मॉस्कोला जाणाऱ्या अहवालांचीही गत वेगळी नसणार. पाठवणाऱ्याच्या कागदावरून पाठवणाऱ्याचा हेतू कळतो, घेणाऱ्याने काय घेतलं ते कळत नाही. मला हवं होतं ते इथलं: तेव्हाच्या मुंबई राज्याच्या अधिकाऱ्यांना हे सगळं कसं दिसत होतं? परवानगी कोण देत होतं, कुठल्या अटींवर? एकाला दिली तर दुसऱ्याला नाकारायची कशी, याचा विचार कोणी केला होता का? याचं उत्तर फक्त आपल्या सरकारच्या फायलींत मिळतं. आणि तिथेच मी अडकले.

कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. छापील सूचीत फाईल स्पष्ट दिसत होती. विभाग, वर्ष, क्रमांक आणि विषयाची एक ओळ: परदेशी वकिलातींनी दाखवायच्या चित्रपटांबाबत. मला हवी होती तीच. फाईल मागायची स्लिप भरून दिली. दुपारी उत्तर आलं, तोंडी: "उपलब्ध नाही."

उपलब्ध नाही म्हणजे काय? हरवली? वाळवीने खाल्ली? कोणी नेली? विचारलं तर, "मॅडम, नाही म्हणजे नाही." पुन्हा गेले तर संबंधित साहेब रजेवर. त्यानंतर माझ्या पत्रात खोट निघाली: विभागप्रमुखांची सही चालणार नाही, कुलसचिवांची आणा. आणली. मग म्हणे विषयात परदेशाचं नाव आहे, वरून परवानगी लागेल. वरून म्हणजे कोणाकडून, हे सांगायला कोणी तयार नाही. मी माझ्या परीने 'वर' शोधून काढलं आणि मूळ विभागाला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की फाईल कधीच अभिलेखागाराकडे वर्ग केली आहे. ते उत्तर घेऊन परत आले, तर इथे सांगितलं की ती विभागाकडेच परत गेली असेल. अशी टोलवाटोलवी महिनोन्महिने चालली. मधल्या काळात शिष्यवृत्तीचा सहामाही अहवाल द्यायची वेळ आली, आणि 'झालेले काम' या रकान्यात काय लिहायचं हे मला कळेना.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते एका बाईंचं वाक्य. अगदी मायेने म्हणाल्या, "एवढ्या जुन्या फायलीचं काय करणार तुम्ही? दुसरा सोपा विषय घ्या ना." माझ्या शहरात सत्तर वर्षांपूर्वी काय चाललं होतं ते मी मेरीलँडमधल्या कागदांवरून वाचायचं, आणि इथे, लोकलने जाता येईल अशा अंतरावर असलेली फाईल बघायला मागितली तर विषय बदलायचा? त्या दिवशी मी ठरवलं की फाईल पाहिल्याशिवाय हे प्रकरण लिहायचं नाही.

वाट दाखवली ती तिथल्याच एका मामांनी. फायलींचे बस्ते काढून आणणारे, निवृत्तीला आलेले. जिन्यात थांबवून म्हणाले, "ताई, तुमचा नंबर बरोबर आहे, पण त्या नंबरावर ती मिळायची नाही. त्याच विषयावर पुढच्या साली नवीन फाईल उघडली की मागची तिला जोडून टाकतात. मग जुना नंबर सूचीत राहतो आणि फाईल जाते नव्या नंबराखाली. वर्ग केल्याची यादी बघा." अनेक महिने अधिकाऱ्यांशी बोलून जे कळलं नव्हतं ते दोन मिनिटांत कळलं.

यादी अशीच दाखवत नाहीत, म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. हा भाग नीट वाचा, कारण पुष्कळ जण इथे चुकीची मागणी करून बसतात. फाईल मागू नका. फाईल मागितली की "उपलब्ध नाही" हेच उत्तर छापील कागदावर येतं. अमुक वर्षाच्या, अमुक विभागाच्या फायली अभिलेखागाराकडे वर्ग करताना केलेल्या यादीची प्रत मागा. यादी म्हणजे त्यांचा स्वतःचा दस्तऐवज, ती नाही म्हणणं अवघड जातं. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज एकाच विषयावर हवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं कायद्याने बंधन नाही, कलम ६(२) पाठ करून ठेवा, कारण "कशाला हवंय?" हा प्रश्न हमखास येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. मला अपिलापर्यंत जावं लागलं. आणखी एक कलम लक्षात असू द्या, ८(३): वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, रोखता येत नाही.

यादीची झेरॉक्स हातात पडली. मामा म्हणाले होते तसंच होतं. माझ्या क्रमांकापुढे शेरा, आणि शेऱ्यात पुढच्या वर्षाचा वेगळाच क्रमांक. तो स्लिपवर लिहिला आणि त्याच दुपारी फाईल टेबलावर आली.

डावीकडे टिप्पण्या, उजवीकडे पत्रव्यवहार, कोपऱ्यात टॅग. पातळ कागदावरच्या कार्बन प्रती, काहींची कड हात लावताच तुटेल अशी. एका मसुद्यात शाळेच्या पटांगणात वकिलातीच्या फिल्मगाडीला खेळ करू द्यावा का, असा प्रश्न होता. कारकुनाने एक उत्तर लिहिलं होतं, वरिष्ठाने ते खोडून दुसरं लिहिलं होतं आणि तिसऱ्याने पेन्सिलीने समासात शंका काढली होती. मी शोधत होते तो विचार करणारा माणूस मला त्या समासात सापडला. आनंदाने डोळे भरून आले, आणि बाजूच्या टेबलावरचे सर माझ्याकडे बघतायत याचंही काही वाटलं नाही.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: तोंडी नकार घेऊन कधीही परतू नका. स्लिपवरच शेरा, तारीख आणि सही मागा. देत नसतील तर त्याच दिवशी साधं पत्र लिहून आवक शिक्का घ्या. माझ्या अपिलात कामाला आली ती हीच शिक्क्याची पोच. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिली न्या. फोटोला परवानगी आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा, नाहीतर हाताने उतरवण्यात महिना जातो.

सोव्हिएत पुस्तकांवर काम करत असाल तर शेवटचं पान आणि मुद्रणाची नोंद बघायला विसरू नका. पुस्तक कुठे छापलं, इथे विक्री कोणाकडे होती, हे बऱ्याचदा तिथेच मिळतं. जुनी मराठी मासिकं इथे मिळेनाशी झाली तर अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांची सूची बघा. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखाली आपण तिथून घेतलेल्या धान्याचे पैसे रुपयांत जमा व्हायचे आणि १९६२ पासून त्यातल्या काही रुपयांतून तिथल्या ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतली पुस्तकं-नियतकालिकं घेतली गेली. माझ्या अभ्यासातलाच हा एक धागा आहे, त्यावर स्वतंत्र प्रकरण होणार आहे.

मामा आता निवृत्त झाले. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव गाईड सरांच्या नावाखाली लगेच येईल, असं मी सरांना सांगून ठेवलंय आणि त्यांना ते मान्य आहे. त्याच सूचीतल्या आणखी काही फायली अजून "उपलब्ध नाहीत". त्यांच्या वर्ग याद्यांसाठी नवे अर्ज गेल्याच आठवड्यात टाकले.