वाड्यातल्या जास्वंदीचं मूल

आमच्या कुंपणाची लाल जास्वंद नारायण पेठेतल्या वाड्यातून आली. वाडा पाडायच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंनी आडाजवळच्या झाडाची हातभर फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि कोथरूडला आणून खोचली. त्याला आता २२ वर्षं झाली. दर मंगळवारी आणि चतुर्थीला आमच्या गणपतीला याच झाडाची फुलं असतात.

इतक्या वर्षांत त्या झाडावर मी एकदाही बी पाहिलं नव्हतं. सकाळी उमललेलं फूल रात्री मिटून वळकटी होतं आणि दुसऱ्या दिवशी खाली पडतं. बस, तेवढंच. भेंडी, अंबाडी, कापूस ही सगळी याच कुळातली आणि बोंडांनी लगडणारी. मग हिलाच का नाही, हा प्रश्न मनातून जाईना.

आपण जास्वंद लावतो ती फांदीवरून, आणि फांदीवरून आलेलं झाड म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी. ही जास्वंद रानात आपोआप वाढलेली कुठे सापडत नाही म्हणतात. माणसांनीच ती फांद्याफांद्यांनी हातोहात गावोगावी नेली. म्हणजे आमच्या कुंपणावरची आणि पाडलेल्या वाड्यातली एकच. मला तेच झाड पुन्हा नको होतं, मला त्याचं मूल हवं होतं.

आधी चुकीच्या वाटेने गेले. ‘सात रंगांची जास्वंद’ असं छापलेलं बियांचं पाकीट घरबसल्या मागवलं. रोपं चार दिवसांत तरारून वर आली, मला कोण आनंद! महिन्याभराने पानं हाताच्या बोटांसारखी फाकली. एक तोडून चावलं तर आंबट. अंबाडी होती ती. भाजी करून खाल्ली, पण फसवलं गेल्याचं वाईट वाटलं ते वाटलंच. तेव्हापासून कुणी विचारलं तर सांगते, जास्वंदीचं बी विकत घेऊ नका, घरी धरा.

घरी धरायचं म्हणजे परागीभवन आपल्या हाताने करायचं. उरुळी कांचनच्या एका रोपवाटिकेतून आणलेली फिकट पिवळी संकरित जास्वंद माझ्या गॅलरीत होती. आधी लाल झाडावर बरेच प्रयत्न केले, पण तिने एकही बोंड धरलं नाही. मग ठरवलं, पिवळी आई आणि लाल बाप.

डिसेंबर २०२३. उन्हाळ्यात आमच्याकडे कळ्याच गळतात, म्हणून थंडीची वाट पाहिली होती. थंडीत पराग उशिरा फुटतो, साधारण दहाच्या सुमाराला. तेव्हा लाल फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला लांब दांडाच कुंचल्यासारखा हातात धरायचा. त्या दांड्यावर पुंकेसरांची पिवळी भुकटी असते, बारीक रव्यासारखी. नीट पाहिलं तर एकेक कण वेगळा दिसतो. दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, त्या कुक्षी. पिवळ्या फुलाच्या त्या पाचही ठिपक्यांना भुकटी हलकेच टेकवायची. मग देठाला शिवणाचा निळा दोरा बांधायचा आणि वहीत तारीख लिहायची.

१४ फुलांना दोरे बांधले. फूल गळताना पाकळ्या आणि दांडा एकदमच निसटतात, मागे हिरवी वाटी राहते. चार-पाच दिवसांत ती वाटी पिवळी पडून देठासकट गळली की समजायचं, जमलं नाही. ११ अशीच गेली. एक बोंड तीन आठवडे टिकून, चांगलं वाटाण्याएवढं होऊन पडलं, त्या दिवशी माझं जेवणात लक्ष नव्हतं. उरली दोन. ती उकलून बी सांडू नये म्हणून जुन्या जाळीदार ओढणीच्या पुरचुंड्या बांधल्या. दोन महिन्यांनी बोंडं तपकिरी झाली आणि एका दुपारी पाच फाकांत उकलली. आत मिरीएवढं, गडद, अंगावर बारीक लव असलेलं बी. एकात ११, दुसऱ्यात ८.

साल कठीण असते, म्हणून नेलकटरने प्रत्येक बीला किंचित टवका पाडला. टोकाकडची बाजू सोडून, आतलं पांढरं जेमतेम दिसेल इतकाच. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत, अर्धं कोकोपीट आणि अर्धं चाळलेलं कंपोस्ट घालून, नखाएवढ्या खोलीवर पेरलं. सहाव्या दिवशी पहिलं आलं. डोक्यावर सालीची टोपी, मान वाकलेली. ती टोपी ओढून काढायची नाही, कोंब मोडतो. पाण्याचा थेंब सोडून वाट पाहायची. बारा दिवसांत ११ उगवली.

आणि त्यातली चार मी मारली. माया म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. एका सकाळी चारही रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी झालेली दिसली. मर लागली होती. ओल सतत राहिली की बुरशी देठ धरते. तेव्हापासून वरून पाणी बंद केलं. डबे ताटलीत ठेवून खालूनच पाणी द्यायचं, आणि माती वरून सुकली की मगच.

सातातली दोन धाकट्या जावेला दिली, पाच ठेवली. एप्रिल-मे हिरव्या जाळीखाली, जूनमध्ये पिशवीत, पुढच्या थंडीत मोठ्या कुंडीत. मध्ये पिठ्या ढेकूण आला, तो साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढला.

जुलै २०२५ मध्ये पाच क्रमांकाच्या रोपाला पहिली कळी आली. बियांची जास्वंद आईसारखीही नसते आणि बापासारखीही नसते. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असतात, त्यामुळे एकाच बोंडातल्या दोन बिया दोन तऱ्हांची फुलं देतात. म्हणजे काय येणार हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. कळीचं टोक केशरी दिसायला लागल्यापासून मी रात्री टॉर्च घेऊन गॅलरीत जात होते.

भुरभुर पावसात सकाळी फूल उमललं. पिकलेल्या आंब्याच्या गराचा रंग, कडा किंचित चुरमडलेल्या, आणि मध्यावर गडद लाल. पिवळ्या आईच्या मध्यावर लाल अजिबात नाही. कुंडी उचलून सासूबाईंच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवली. त्या ८१ वर्षांच्या आहेत. चष्मा पुसून बराच वेळ वाकून बघत बसल्या.

“हा मधला लाल आपला आहे गं,” त्या म्हणाल्या.

“तोडू का, आई? गणपतीला?”

“नको. देवाला कुंपणावरची आहेत. हिला एकच दिवस मिळालाय, राहू दे झाडावर.”

ते फूल रात्री उशिरापर्यंत टिकलं. उरलेल्या चारांपैकी दोन क्रमांकाच्या रोपाला आता कळी आहे, टोक पांढुरकं दिसतंय. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, गॅलरीतल्या फुलांना कुणी हात लावायचा नाही.