3.1 टक्के आले कुठून, गेले कुठे?

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘2024 वायआर4’ या लघुग्रहाच्या बातम्यांत मुंबईचं नाव झळकलं. 22 डिसेंबर 2032 ला तो पृथ्वीवर आदळलाच तर कुठे, याचा एक चिंचोळा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्रामार्गे दक्षिण आशियापर्यंत काढलेला होता आणि मुंबई त्या पट्ट्यात येत होती. जानेवारीच्या शेवटी शक्यता एक टक्क्याच्या वर गेली, 18 फेब्रुवारीला 3.1 टक्के झाली आणि पुढच्या आठवड्याभरात 0.004 टक्क्यांवर आली. अशा वेळी दोन शेरे ठरलेले असतात. ‘शास्त्रज्ञ रोज आकडे बदलतात’ हा एक आणि ‘कुणाच्या तरी पुण्याईने टळलं’ हा दुसरा. दोन्ही शेरे मारणाऱ्यांनी तो आकडा कसा निघतो हे पाहिलेलं नसतं.

दुर्बिणीतल्या फोटोत लघुग्रह म्हणजे नुसता ठिपका. अमुक वाजता अमुक दिशेला होता, एवढंच तो सांगतो. काही रात्रींच्या अशा ठिपक्यांतून एक नेमकी कक्षा निघत नाही. निरीक्षणांशी जुळणाऱ्या हजारो कक्षा निघतात. त्या सगळ्या गणिताने आठ वर्षं पुढे नेल्या की 2032 च्या त्या दिवशी लघुग्रह कुठेकुठे असू शकेल याची लांबलचक पट्टी तयार होते. पट्टी लांबते ती मुख्यतः प्रवासाच्या दिशेने, कारण वेगातली बारीकशी चूक वर्षानुवर्षं साठत जाते आणि लघुग्रह त्याच वाटेवर लवकर किंवा उशिरा पोचतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किमी वेगाने फिरते, म्हणजे स्वतःच्या व्यासाएवढं अंतर ती सात मिनिटांत पार करते. आठ वर्षांच्या प्रवासानंतर प्रश्न असतो तो या सात मिनिटांचा.

समजा पट्टी 10 लाख किमी लांब आहे आणि पृथ्वी तिच्या आत आहे. पृथ्वीचा व्यास 12,742 किमी, तेव्हा ढोबळ शक्यता 1.3 टक्के. नवी निरीक्षणं आली, पट्टी 4 लाख किमीवर आखडली आणि पृथ्वी अजून आतच असेल, तर तीच शक्यता 3.2 टक्के होते. लघुग्रहाने वाट बदललेली नसते, आपलं अज्ञान कमी झालेलं असतं. पट्टी आणखी आखडून पृथ्वी तिच्या टोकाबाहेर पडली की आकडा धाडकन कोसळतो. (प्रत्यक्षात पट्टीच्या मध्याला जास्त वजन असतं, पण हिशेबाचा सांगाडा हाच.) 2004 च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाचा आकडा असाच 2.7 टक्क्यांवर चढला होता. मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या फोटोंत तो सापडला, निरीक्षणांचा काळ महिन्यांनी वाढला आणि 2029 मध्ये तो आदळण्याची शक्यता उरली नाही. माझ्या मते बातमीत टक्क्यांशेजारी पट्टीची लांबीही छापली पाहिजे. निम्मी घबराट तिथेच विरेल.

आकाराचंही तसंच. सुरुवातीला मोजता येते ती चमक. गडद दगड मोठा असूनही मंद दिसतो, फिकट दगड लहान असूनही उजळ. म्हणून वायआर4 चा आकार आधी 40 ते 90 मीटर सांगितला गेला आणि अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने त्याची उष्णता मोजल्यावर तो 60 मीटरच्या आसपास ठरला. एवढा दगड सेकंदाला 17 किमी वेगाने आला तर बहुधा हवेतच फुटतो आणि हानी 50 किमीपर्यंत पोचू शकते. दादरच्या डोक्यावर फुटला असं धरलं, तर विरार, कल्याण, पनवेल सगळं त्या वर्तुळात येतं.

आता पुण्याई आणि ग्रहफळांची बाजू. फेब्रुवारी 1962 मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली, प्रलय होणार म्हणून देशभर यज्ञ झाले. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि आठवा केतू. केतू ही वस्तूच नाही, चंद्र आणि सूर्य यांच्या आकाशातल्या मार्गांचा तो छेदनबिंदू! ग्रहांच्या ओढीचं म्हणाल, तर शुक्र सर्वांत जवळ असतानाही त्याचं भरती आणणारं बल चंद्राच्या बलाच्या सुमारे अठरा हजारावा भाग असतं. पंचांगातल्या ग्रहणाच्या वेळा बरोबर येतात त्या गणितामुळे. त्यापुढच्या फळांना असा आधार नाही. वायआर4 पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला 25 डिसेंबर 2024 ला, चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला दिसला 27 ला. दुर्बिणीलाही दोन दिवस उशीर झाला, हे खरं. पण कुठल्याच कुंडलीत तो नव्हता. 1979 मध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा कोसळताना नासाने माणसाला इजा होण्याची शक्यता 152 त एक अशी जाहीर केली होती. भाकिताला असा आकडा नसला की ते चुकलं हे सिद्धच करता येत नाही.

धोका खरा असेल तर उपाय लागतो तो वेळेत दिलेला धक्का. लघुग्रहाचा वेग सेकंदाला 1 सेमीने बदलला तर दहा वर्षांत साधा गुणाकार 3,150 किमी देतो. पण कक्षेचा कालावधीही बदलत असल्याने प्रत्यक्ष सरक सुमारे तिप्पट होते. तेवढ्याने टक्कर चुकू शकते. 26 सप्टेंबर 2022 ला नासाचं डार्ट यान डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या लहान लघुग्रहावर सेकंदाला 6 किमीहून जास्त वेगाने आदळलं. त्याची 11 तास 55 मिनिटांची फेरी 33 मिनिटांनी कमी झाली, अपेक्षा किमान 73 सेकंदांची होती. उडालेल्या ढिगाऱ्याने उलट रेटा दिला म्हणून परिणाम वाढला. गोम इथेच आहे: हा वाढीव रेटा दगड घट्ट की भुसभुशीत यावर ठरतो आणि ते आधी नीट कळत नाही. त्यात वर्षभरच उरलं असेल तर असा धक्का अपुरा पडतो; मग पट्टा रिकामा करणं हाच मार्ग.

लहान दगड मात्र सूचना न देताही येतात. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे 20 मीटरचा दगड 30 किमी उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कुणालाच दिसला नव्हता. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बरेचसे काचांनी, कारण झगमगाट पाहून ते खिडकीशी गेले आणि धक्कालहर नंतर पोचली. हवेतून लहर सेकंदाला साधारण 340 मीटर जाते, म्हणजे 30 किमीला दीड मिनिट. स्फोट तिरप्या अंतरावर असेल तर आणखी जास्त. बीकेसी किंवा लोअर परळच्या काचेच्या इमारतींत हे लक्षात ठेवावं: आकाशात सूर्यासारखा लखलखाट दिसला की काचेपासून दूर, आतल्या भिंतीशी किंवा टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं आणि किमान पाच मिनिटं तिथेच थांबायचं. व्हिडिओ नंतर.

व्हॉट्सअ‍ॅपवर पुढचं संकट आलं की आधी त्यात लघुग्रहाचं अधिकृत नाव आणि तारीख आहे का पाहा. नसेल तर सोडून द्या. असेल तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या सेंट्री यादीत, म्हणजे आदळण्याची थोडीही शक्यता असलेल्या लघुग्रहांच्या यादीत, ते शोधा आणि धोका सांगणाऱ्या टोरिनो मापपट्टीवरचा अंक बघा. तो 0 ते 10 असतो. यादीतल्या जवळजवळ सगळ्यांना 0 आहे. वायआर4 ला काही काळ 3 मिळाला होता, अपोफिसला 4. अंतर लाखो किमीत दिलं असेल तर चंद्राच्या 3.84 लाख किमीशी ताडून पाहा.

याची गरज एप्रिल 2029 मध्ये नक्की पडेल. त्या वेळी अपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे 32,000 किमीवरून जाईल, भूस्थिर दळणवळण उपग्रहांपेक्षाही जवळून, आणि न आदळता. तारीख 13, वार शुक्रवार, म्हणून पाश्चात्त्य अपशकुन मराठीत फॉरवर्ड होऊन येणारच. पण सर्वांत जवळचा क्षण जागतिक वेळेनुसार रात्री पावणेदहाचा आहे. मुंबईत तेव्हा शनिवार उजाडायला आलेला असेल, पहाटेचे सव्वातीन, तारीख 14.