सत्तेचाळीस म्हटलं की ती 74 लिहायची

माझी पोरगी वाचनात लहानपणापासून पुढं. सप्ताहात पोथी वाचायला म्हाताऱ्या बायका तिलाच बोलवायच्या. त्यामुळं गणितात भोपळा मिळायला लागला तेव्हा एकच उत्तर ठरलेलं : "लक्ष नाई पोट्टीचं." खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हणत होते. सासऱ्यांना पावकी-निमकी तोंडपाठ. त्यांनी रोज संध्याकाळी पाढे घेतले. सकाळी पाटी कोरी.

आमचं गाव घाटंजीच्या पुढं, यवतमाळ जिल्ह्यात. ती आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत माझ्यासोबत कापूस वेचायला आली. आम्हा तिघींच्या गाठोड्यांचं मिळून वजन झालं, काट्यावरचा माणूस ओरडला, "सत्तेचाळीस!" हिनं वहीत 74 लिहिले. मजुरी किलोवर, त्यामुळं जे भांडण पेटलं ते विचारू नका. घरी आल्यावर रडत म्हणाली, "माय, सात आधी आयकू येते, म्हणून आधी लिवला." खरं आहे की! 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्ट हे 'साठ तीन' असंही वाचायला सांगितलं तेव्हा सगळ्यांसोबत मीही हसले होते.

पुढं तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका शाळेत आल्या. त्यांना मी हा किस्सा हसत सांगितला. त्या हसल्या नाहीत. दुकानातून सुटे पैसे बरोबर आणते का, घड्याळ कळतं का, असं विचारत गेल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, डिस्कॅल्क्युलिया असू शकतो, म्हणजे आकडे समजायलाच अडचण. तपासून घ्या. 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे हे." शाळेत मात्र हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. "वाचता येतं म्हणजे अपंग कशी?" असंच ऐकवलं.

शाळेचं पत्र मिळायला तीन आठवडे गेले. मग जिल्ह्याला, तिथून नागपूरला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट नसतं तर एवढ्या खेपा झाल्याच नसत्या. आधी डोळे, मग कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. दरवेळी नवी तारीख आणि बुडालेली मजुरी. जुन्या वह्या आणि गुणपत्रिका फेकू नका, त्या मागतात. मी निम्म्या वह्या चुलीत घातल्या होत्या.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी ठिपक्यांचं कार्ड दाखवलं. चार ठिपके. आपण बघताच चार म्हणतो, ही एक-एक बोट ठेवून मोजत होती. आठ मोठा की सहा, यालाही बोटं. मी भिंतीकडं बघत बसले. आकडा उलटा लिहिणं हे बऱ्याच मुलांचं दुसरी-तिसरीत होतं आणि जातं, बाई म्हणाल्या. हिचं घोडं त्याच्याही मागं अडलं होतं, संख्या म्हणजे किती हेच तिला आतून जाणवत नव्हतं. बुद्धी चांगली निघाली. चाळीसच्या वर्गात असं एखाद-दुसरं मूल सापडतंच म्हणे. आमच्या शाळेत मग बाकीची कुठं आहेत?

प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा ती नववीत होती. त्यावर दहावीच्या परीक्षेला सवलती मिळतात : तासामागं 20 मिनिटं जादा, कॅल्क्युलेटर, किंवा बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित. प्रस्ताव शाळेमार्फत अमरावतीच्या विभागीय मंडळाकडं जातो. शाळेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. माझा पहिला अर्ज "आलाच नाही" म्हणून सांगितलं होतं.

सातवीचं अंकगणित म्हटल्यावर हिचा बाप उखडला. "दहावीत सातवीचं? लोक काय म्हणतीन?" दोन दिवस जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाली, "बाबा, सही कुठं करायची ते मी दाखवतो, मले वाचता येते."