ताटल्या डुगडुगण्याचं मूळ सापडलं: प्लायची फळी

मातीच्या ताटल्या भाजून झाल्यावर टेबलावर डुगडुगत होत्या. मागच्या नोंदीत त्यासाठी वाळवतानाच्या पंख्याला दोष दिला होता, तो मागे. पंखा बंद ठेवून, प्लॅस्टिकखाली आठ दिवस सावकाश वाळवलेल्या अकरा ताटल्यांपैकी सात ग्लेझ (काचेसारखा लेप) भाजणीनंतर पुन्हा डुगडुगल्या. सातही एकाच प्लायच्या फळीवर वाळल्या होत्या. कडाप्प्यावरच्या चारही अगदी सपाट. फळीवर स्टीलची पट्टी आडवी, तिच्या धारेवर उभी धरली की मधे दीड मिलिमीटर उजेड दिसतो. गोव्याच्या जुलैत प्लाय ओल धरते आणि बाक घेते. लेदर-हार्ड (अर्धवट वाळलेली) ताटली नेमका तोच बाक उचलते.

डुगडुगण्याचे प्रकार दोन, ते आधी ओळखावेत. बुडाच्या कडीवर (ताटली जिच्यावर टेकते तिच्यावर) पेन्सिलीने गोल रेघोट्या माराव्यात, काचेवर चिकटवलेल्या 220 नंबरच्या वॉटर पेपरवर (ओला वापरायच्या सँडपेपरवर) ताटली चार-पाच वेळा हलकेच फिरवावी. समोरासमोर दोनच जागी पेन्सिल पुसली गेली, तर कडी पिळलेली आहे. ताटली मधल्या पोटावर भोवऱ्यासारखी फिरत असेल, तर बुड भट्टीत खाली बसलंय. ते घासून सहसा भागत नाही, पोट पातळ होतं.

या सातही पिळलेल्या. फट मोजायला साध्या झेरॉक्स कागदाचे तुकडे चालतात, एक कागद साधारण 0.1 मिमी. पाच ताटल्यांत सहा ते आठ कागद गेले, दोघींत पंधराच्या वर. त्या दोन सोडून दिल्या. कडीची उंचीच 4 मिमी, एवढं घासलं तर ताटली एका अंगाला बसकी दिसते.

बाकीच्या पाचांसाठी: जाड सपाट काच, 80 नंबरची कार्बोरंडम पावडर चमचाभर, पाणी. ताटली आठच्या आकड्यात फिरवायची, दर मिनिटाला पाव वळसा द्यायचा, नाहीतर हाताचा जोर एकाच बाजूला पडतो. स्टोनवेअर (जास्त तापात भाजायची कठीण माती) असल्याने एकेकीला वीस मिनिटं लागली. मग त्याहून बारीक 220, शेवटी 400, म्हणजे टेबलावर ओरखडे येत नाहीत. कोरडं कधीच घासू नये, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. गाळ बादलीत बसू द्यावा, मोरीत ओतू नये. विळीला धार लावायचा दगड यासाठी वापरू नका, त्याला मधे खळगा पडलेला असतो. ग्रॅनाइटवाल्यांकडचे डायमंड पॅड झकास, पण सपाट ठोकळ्यावर चिकटवूनच.

पाचही आता काचेवर हलत नाहीत. बोटाने कड दाबली तरी आवाज नाही!

कपांचं काम त्याहून सोपं. बिस्क (ग्लेझआधी एकदा भाजलेले) असतानाच 120 च्या ओल्या वॉटर पेपरवर दोन मिनिटं, की बसले. फक्त नंतर धुऊन, या हवेत निदान दोन दिवस सुकवून मगच ग्लेझ.

पुढच्या खेपेला फळी बाद, जिप्सम बोर्ड आणायचा. कडांना टेप हवीच, प्लॅस्टरचा कण मातीत गेला तर भाजल्यावर तिथे टवका उडतो. भट्टीत खाली बसलेल्या बुडांसाठी आत दुसरी कडी काढायचं ठरलं होतं. पण ट्रिमिंग (तासणं) वाढवण्यापेक्षा ग्लेझ भाजणीत पोटाखाली वॅड (टेकूचा गोळा) ठेवणं सोपं: अल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले निम्मे-निम्मे, कडीच्या उंचीएवढा. आधी तेच करून बघायचं.

हे लिहिताना चुलीचे तीन दगड आठवले. गोल बुडाचं मडकं त्यांवर कधी डुगडुगत नाही, कारण तीन टेकू कुठल्याही जमिनीवर एकदम टेकतात. मग लेदर-हार्ड कडीवर दोन-दोन सेंटिमीटरचे तीनच पाय ठेवून पायांमधली कडी 1 मिमी उतरवली तर? स्टोनवेअरला पायांमधला भाग 1220 अंशांना लोंबायची भीती आहे. डिचोलीच्या तांबड्या मातीला 1000 अंशांत ती नाही. पाय मात्र कडेलगत हवेत, आत घेतले तर काठ दाबताच ताटली कलंडेल. तर वॅडची परीक्षा स्टोनवेअरवर, तीन पायांची तांबड्या मातीच्या चार बशांवर. दोन्ही एकाच आठवड्यात.