वावेनं मोजलेली जमीन

नानाकाकांचा फोन दर रविवारी येतो. तब्येतपाणी झालं, पाऊस झाला, की तिसरं वाक्य ठरलेलं: "अरे, तिकडं नवी राजधानी होतीय म्हणं. घेऊन टाक की दोन-चार एकर."

नानांचं काही चुकत नाही. सांगलीत रिंग रोड होणार अशी नुसती कुजबुज झाली तरी आमच्या घराण्यात कुणी ना कुणी विसार देऊन मोकळं होतं. पण इथली गोष्ट फोनवर सांगून संपत नाही, म्हणून लिहितोय.

मी राहतो तो इंडोनेशियाचा पूर्व कालिमंतान प्रांत, म्हणजे आपण शाळेत बोर्निओ म्हणून शिकलो त्या बेटाचा पूर्वेकडचा भाग. महाकाम नदीच्या काठचं गाव. सामारिंडा शहरातून गाडीनं तीन-साडेतीन तास, शेवटचा टप्पा होडीनं. कोळशाच्या जेट्टीवर मेंटेनन्सला आहे, हे तिसरं वर्ष. नुसांतारा ही नवी राजधानी याच प्रांतात, पण सेपाकूच्या बाजूला, आमच्यापासून बरीच लांब. 2019 च्या ऑगस्टमध्ये घोषणा झाली, 2022 मध्ये कायदा झाला, 17 ऑगस्ट 2024 ला तिथं स्वातंत्र्यदिन साजरा झाला. आमच्या गावात त्यातलं पोचलं ते एवढंच, की वारुंगमध्ये (आपली चहाची टपरी समजा) कॉफी पिणारी माणसं आता जमिनीच्या भावावर बोलतात. जमीन कुणी विकत नाही, घेतही नाही. भाव मात्र रोज ठरतो.

गावात मातीचा रस्ता नाही. उलिन नावाच्या लाकडाचे खांब चिखलात रोवून त्यावर फळ्या ठोकल्यात, तोच रस्ता. उलिन पाण्यात टाकलं तर बुडतं आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. आता जंगलात ते फारसं उरलं नाही, त्यामुळं जुनं घर पाडलं की माणसं घराच्या आधी खांबांचा भाव विचारतात. या फळ्यांवरून मोटारसायकल गेली की खडखडखड असा आवाज लांबून येतो. माझ्या दारासमोरची तिसरी फळी सैल आहे. ती 'टॉक' वाजली की घरमालक आले, आणि 'टॉक-टॉक' वाजली की त्यांचा नातू, कारण तो मुद्दाम परत मागं जाऊन वाजवतो.

घरमालकांना सगळं गाव पाक हाजी म्हणतं. पाक म्हणजे बापाक, बाप. त्यांच्या बायकोला सगळे आचिल म्हणतात, मावशी-आत्यासारखं, म्हणून मीही. घराचं भाडं महिन्याला दहा लाख. हे ऐकून नानांना ठसका लागला होता. दहा लाख रुपिया, म्हणजे आपले पाच-साडेपाच हजार. वापरायचं पाणी नदीचंच, पंपानं चढवलेलं, चहासारख्या रंगाचं. आचिलनी पहिल्याच दिवशी एक खडा हातात दिला, "तावास". बघतो तर तुरटी! आजीच्या घरी पुराच्या दिवसांत पिंपात फिरवायचे तीच. प्यायचं पाणी विकतचं, मोठ्या बाटल्यांतून. जेवायला भात, हारुआन नावाचा मासा आणि डोळ्यांतून पाणी काढणारं सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. दूध विसरायचं, डब्यातलं गोड घट्ट दूध चहात घालायचं. आचिलची महिन्याची आरिसान असते. बायका जमतात, पैसे काढतात, चिठ्ठी उचलतात. मी म्हटलं, ही तर भिशी! तेव्हापासून त्या मला मुद्दाम 'बिसी' म्हणून दाखवतात.

गावातली सगळ्यात महागडी इमारत कुठली असेल? तीन मजली, काँक्रीटची, खिडक्या नसलेली. आत माणूस राहत नाही. भिंतीत बारीक भोकं आणि वर स्पीकर, त्यातून दिवसभर पाखरांची रेकॉर्ड केलेली चिवचिव. वालेत पाखरांनी आत यावं, लाळेनं घरटी बांधावीत, ती घरटी सूपासाठी चीनला जावीत, असा हा धंदा. पाखरं आली तर मालक सुधारला. नाही आली तर स्पीकरचं बिल. आमच्या गावातल्या एका इमारतीत चार वर्षं फक्त वटवाघळं आहेत.

आता जमीन. इथं पूर्ण मालकीला 'हाक मिलिक' म्हणतात. हक्क आणि मालकी, दोन्ही शब्द आपल्याकडं आले त्याच अरबीतून. 1960 च्या जमीन कायद्यानं ती फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला, तोही इथला राहण्याचा परवाना असलेला, मिळतो 'हाक पाकाई', वापराचा हक्क: आधी 30 वर्षं, मग 20 वाढवून, मग आणखी 30 पर्यंत. त्यालाही घराच्या किमान किमतीची अट आहे. गंमत अशी, की पाक हाजींचं लाकडी घर त्या अटीच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे स्वस्त आहे म्हणूनच मला घेता येत नाही. हे नानांना पटवायला तीन रविवार लागले.

मग नाना म्हणाले, कुणाच्या तरी नावावर घे. याला इथं 'पिंजाम नामा' म्हणतात, नाव उसनं घेणं. आपलं बेनामी. माझ्या ओळखीच्या एका भारतीयानं ड्रायव्हरच्या नावावर जागा घेतली होती. ड्रायव्हर अपघातात गेला. त्याच्या मुलांनी चहा पाजला, जुने फोटो दाखवले आणि जागा आमचीच असं नम्रपणे सांगितलं. कोर्टात जायची सोय नाही, कारण कायदाच सांगतो, परदेशी माणसाच्या हाती मालकी जावी म्हणून केलेला व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत.

बरं, पाक हाजींकडं तरी काय कागद आहे? एका रात्री त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून काढून दाखवला. 'सेगेल' म्हणतात. पिवळा पडलेला, तिकिटाचा शिक्का, खाली केपाला देसाची म्हणजे सरपंचाची सही. केपाला म्हणजे कपाळ, देसा म्हणजे देश, आणि दोन बाजूंना 'साक्सी'. साक्षी! मी बोट ठेवून वाचत होतो. उत्तरेला अमक्याचं रबराचं झाड, पूर्वेला तमक्याची वाट, दक्षिणेला नदी. नदीपासून आत लांबी सोळा 'देपा'. देपा म्हणजे काय विचारलं तर त्यांनी दोन्ही हात ताणून पसरले. वाव. आमच्या आजोबांनी विहिरीचा दोर याच मापानं मोजला होता.

या भागातले दानाचे आणि जमिनीचे शब्द फार जुने आहेत. इथून जवळच मुआरा कामानला मूलवर्मा राजाचे दगडी यूप, म्हणजे यज्ञाचे खांब, सापडले, चौथ्या-पाचव्या शतकातले, संस्कृतात. एकावर ब्राह्मणांना वीस हजार गाई दिल्याचं कोरलंय, दुसऱ्यावर भूमिदानाचा उल्लेख. जाकार्ताच्या संग्रहालयात आहेत ते. दान दिलेली जमीन नेमकी कुठली, ते दगडावर नाही. त्या मानानं पाक हाजींचा कागद बरा, निदान रबराचं झाड तरी आहे.

2017 पासून सरकारनं अख्खी गावंच्या गावं मोजून मालकीची प्रमाणपत्रं द्यायची मोहीम काढली आहे. आमच्याकडं मोजणीवाले आले तेव्हा टेपचं एक टोक मी धरलं होतं. कागदावरची सोळा वाव भरली अकरा. उरलेली पाच नदीत गेलीत.

ती का गेली, हे मला गावातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक आहे. आमच्या जेट्टीवरून तीनशे फुटी बार्ज निघतात, एकेकात साडेसात-आठ हजार टन कोळसा. टग बोट पुढं ओढते, मागून लाट येते आणि काठ चाटून जाते. दिवसाला कितीतरी वेळा. खाली समुद्रात तो कोळसा मोठ्या जहाजावर चढतो, त्यातला बराच भारतात येतो. तुमच्या घरातला पंखा कदाचित पाक हाजींच्या पाच वावांवर फिरत असेल. माझा पगार तर नक्कीच. हे मी त्यांना एकदा चाचरत बोललो. ते म्हणाले, "नदी आधीपण खायची. आता जरा घाई करते."

वर आणखी एक नियम आहे. शहरी भागाबाहेर, बांध नसलेल्या मोठ्या नदीच्या काठापासून 100 मीटरचा पट्टा नदीचा धरायचा. सांगलीकरांना हे सांगायला नको. 2005 आणि 2019 नंतर निळी पूररेषा, लाल पूररेषा हे शब्द आपल्याकडं लहान पोरांनाही पाठ झाले. पण इथं गावच पाण्यावर उभं आहे. तो पट्टा काटेकोर मोजला तर मशीद, शाळा, वालेतची इमारत आणि माझी सैल फळी, सगळं नदीच्या मालकीचं.

मोजणीवाल्या पोरानं नम्रपणे सांगितलं, पाक, कोरडी आहे तेवढीच लिहितो. पाक हाजींनी मान हलवली, सही केली. मग मला हाताला धरून काठावर नेलं. उन्हाळ्याचं पाणी उतरलं होतं. काठापासून आत, पाच वावांवर, उलिनचा काळा खुंटा पाण्यातून वीतभर वर आला होता. त्यांच्या वडिलांनी ठोकलेला हद्दीचा खुंटा, अजून सरळ.

रविवारी व्हिडिओ कॉलवर नानांना तोच दाखवला. नाना बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "लाकूड भारी आहे रे."

पाक हाजी हल्ली आपली होडी त्याच खुंट्याला बांधतात.