एक फूट पुस्तकं म्हणजे किती किलो?

मी घरातलं फर्निचर आखून देते. हॉलमध्ये पुस्तकांची भिंत हवी, असं सांगणारे ग्राहक हल्ली वाढलेत. मोबाइलवरचं एखादं छायाचित्र पुढे करतात. त्यात जमिनीपासून छतापर्यंत फळ्या असतात, मध्ये आधाराची एकही उभी फळी नसते, पुस्तकं रंगानुसार लावलेली आणि प्रत्येक खणात एक कुंडी. पुस्तकं किती आहेत असं विचारलं की उत्तर येतं, “आहेत बरीच.” कोथरूडच्या काकांनीही हेच सांगितलं होतं. पण त्यांच्याकडे मी ड्रॉइंग पक्कं करायला गेले तो दिवस नेहमीसारखा गेला नाही.

काका वाहन उद्योगातून निवृत्त झालेले मेकॅनिकल इंजिनिअर, काकू निवृत्त शिक्षिका. घर ऐंशीच्या दशकातल्या आरसीसी इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पुस्तकं सगळी काकूंची, हॉल सुंदर दिसावा ही हौस काकांची. त्यांना भिंतीला लागून कपाट नकोच होतं. हॉल आणि जेवणाची जागा यांच्या मधोमध, दोन्हीकडून मोकळं, आरपार दिसणारं पार्टिशन हवं होतं.

“मधोमध नको,” मी म्हणाले. “खाली बीम नाही. सगळा भार स्लॅबच्या पोटावर येईल.”

“किती भार येईल?”

एवढं विचारून काका आत गेले आणि आयएस ८७५ च्या भाग २ ची, म्हणजे इमारतीत कुठे किती भार धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानकाची, झेरॉक्स घेऊन आले. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो धरतात; वाचनालयात पुस्तकं रचून ठेवायच्या खोलीला ६०० आणि तेही २.२ मीटर उंचीपर्यंत, त्यावर गेलात तर आणखी. आकडे त्यांनी वाचून दाखवले, चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे आधी आपल्या पुस्तकांचं वजन काढायला हवं.” मी टेप घेऊन भिंत मोजायला आले होते. पुढचे दोन तास पुस्तकं मोजण्यात गेले.

पुस्तकं तीन लोखंडी कपाटांत होती, शिवाय दिवाणाखाली आणि लॉफ्टवर. काकू काढून देत होत्या, मी पाठीला पाठ लावून जमिनीवर रांग करत होते आणि काका बाथरूममधल्या वजनकाट्यावर. काट्यावर नुसती पुस्तकं ठेवली की आकडा दिसेना, म्हणून ती कवेत घेऊन ते स्वतः उभे राहत आणि आपलं वजन वजा करत. “सकाळी चहा घेतल्यानंतरचं वजन धरलंय,” हेही त्यांनी मला सांगितलं.

साध्या डेमी आकाराच्या, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या पुस्तकांचं एक फूट साडेसात किलोच्या आसपास भरलं, दिवाळी अंकांचं साडेअकरा. एक तर अंक आकाराने मोठे, त्यात त्यांच्या गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा थर असतो, म्हणून ते इतके जड. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, पण त्याचा आकार काही कुणी ठरवून दिला नाही. एकाच वर्षीचे दोन अंक एका उंचीचे सापडतील तर शपथ. सुतारकाम करणाऱ्या माणसाला हे फार जाणवतं.

सगळं मिळून चौऱ्याहत्तर फूट निघालं, त्यात अठरा फूट दिवाळी अंक. वजन सहाशे ते साडेसहाशे किलो. प्लाय, पट्ट्या वगैरे धरून नऊशेच्या घरात. तेही फूटभर रुंदीच्या एका पट्ट्यात. पार्टिशनवर काकांनीच फुली मारली.

मग कुठली भिंत? सोफ्यासमोरची मोठी भिंत पश्चिमेची, बाहेरची. वर रंगाचे पोपडे सुटलेले. “पावसाळ्यात थोडी ओल येते,” काका म्हणाले. थोडी ओल पेंटला चालते, पुस्तकांना नाही. बुरशी धरते, कसर लागते, मागून वाळवीने वाट काढली तर खण रिकामा होईपर्यंत कळतही नाही. शिवाय दुपारचं ऊन. लाल कण्यांची पुस्तकं दोन-तीन उन्हाळ्यांत गुलाबी होतात. म्हणून बेडरूमला लागून असलेली आतली भिंत घेतली. बारा फूट लांब, खाली बीम, फक्त त्या जागी टीव्ही होता. टीव्हीचं काय करायचं यावर नवराबायकोत जे बोलणं झालं ते इथे देत नाही. टीव्ही बेडरूममध्ये गेला.

उभ्या आणि फळ्या कागदावर मांडत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, “सगळ्यात खालची फळी जमिनीपासून वर हवी. फूटभर तरी.” का, म्हणून विचारलं तर त्यांचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या लहान होत्या. वडिलांची पुस्तकं वाड्यातल्या तळमजल्याच्या फडताळात होती. पाणी ओसरल्यावर दारं उघडेनात, कारण आतली पुस्तकं फुगून घट्ट बसली होती. शेवटी दारं फोडून चिखलाचे गठ्ठेच बाहेर काढावे लागले.

“आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत,” काका म्हणाले.

“माहीत आहे मला.”

मला मात्र काकूंचं पटलं, कारण वेगळं असलं तरी. फ्लॅटमध्ये पूर रोज येतो, फरशी पुसायच्या बादलीतून. प्लायचं कपाट नेहमी खालून कुजतं. फूटभर जागा घालवणं परवडत नव्हतं, म्हणून चार इंच उचलून खाली ग्रॅनाइटची पट्टी आणि तळाचा भाग बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला दाद न देणाऱ्या प्लायचा, असं ठरलं. काकूंनी चार इंच बोटांनी मोजून पाहिले आणि हो म्हणाल्या.

दुपारी मिस्त्री आले. राजस्थानचे, पण पुण्यात आयुष्य गेलेलं. मराठी बोलतात ती हिंदीच्या चालीवर. फळीची खोली बारा इंच असावी असा काकांचा हट्ट होता, भारदस्त दिसतं म्हणून. मी म्हणाले, बारा इंच खोल फळीवर दोन वर्षांत पुस्तकांची दुसरी ओळ लागते आणि मागच्या ओळीतलं पुस्तक घरात असूनही हरवतं. मिस्त्रींनी आपला हिशोब सांगितला, “मॅडम, सव्वानऊ घ्या. चार फुटी शीटमधून पाच पट्ट्या निघतात. बारा तर पूरं भेटतच नाही, ब्लेड खातो ना. पावणेबाराच्या चार निघणार.” सव्वानऊमध्ये डेमी आरामात बसतं, मोठा अंकही बसतो आणि दुसरी ओळ लावायला जागा उरत नाही. प्लायचा खर्चही कमी. इथे काका लगेच पटले.

अडलं ते उभ्यांवर. छायाचित्रात चार-चार फूट सलग फळ्या होत्या आणि काकांना ती आडवी रेघ हवी होती. मी सव्वादोन फुटांच्या आसपास उभी मागत होते. बोलून भागेना, तेव्हा मिस्त्रींनी उरलेल्या १८ मिमी प्लायची पट्टी दोन स्टुलांवर टाकली आणि मी त्यावर चार फूट दिवाळी अंक रचले. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणला. मधोमध तेरा मिलिमीटर झोळ.

काका गुडघ्यावर बसून पट्टीने मोजत होते. दोनदा मोजलं. मग उठून पेन शोधलं. “लांबीचा चौथा घात,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “फुटाला वजन तेच राहिलं तर अंतर अर्धं केलं की झोळ सोळावा हिस्सा. आणि जाडी दुप्पट केली तर आठवा.” त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. कारखान्यातल्या तुळईला लावलेलं गणित घरातल्या फळीला लावायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं, इतकंच. त्यापुढे उभ्यांवर वाद झाला नाही. बारा फुटांत पाच खण पडले. शिवाय प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंच सागवानी पट्टी. ती शोभेला असते असं लोकांना वाटतं. खरं तर फळीला ताठ ठेवायचं बरंचसं काम तीच करते. आठ ओळी, खालच्या दोन चौदा इंच उंच, मग दोन बारा इंची अंकांसाठी, वरच्या चार दहा इंची. मागे सहा मिमीचा प्लाय, भिंतीपासून इंचभर सोडून.

बाकीचं पटापट झालं. पिवळसर दिवे फळीच्या पुढच्या कडेत लपवून. काचा फक्त एका खणाला, जुन्या जीर्ण प्रतींसाठी. काच आली की पुस्तक काढायचा कंटाळा येतो, असं काकूंचं मत आणि माझंही. मागच्या प्लायला गडद हिरवा लॅमिनेट, म्हणजे अर्धवट भरलेला खणही ओका दिसत नाही. रंगानुसार मांडणीचा विषय काकांनी एकदाच काढला.

“पुस्तकं काय साड्या आहेत, रंगानं लावायला?” काकू म्हणाल्या. “कोशाचा तिसरा खंड हवा असला तर तो करड्यात शोधू की निळ्यात?”

निघताना मिस्त्री पट्टी उचलायला लागले, तर काका म्हणाले, “राहू दे, अंकांसकट राहू दे.” स्टुलं हॉलच्या मधोमध, जेवायच्या टेबलाकडे जायची वाट बंद. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी फोन.

“रात्रीत आणखी दोन मिलिमीटर,” काका म्हणाले. “क्रीप. लाकूड सतत भाराखाली असलं की हळूहळू दबत राहतं. तुमची सागवानी पट्टी दीड इंच म्हणालात ना? दोन इंच करा.”

“करते. पण सागवानाचा खर्च वाढेल.”

“किती वाढेल?” मी आकडा सांगितला. थोडा वेळ पलीकडून कॅल्क्युलेटरची टकटक ऐकू आली. “दीडच ठेवा,” काका म्हणाले.