एका योजनेची चार सालं

आमच्या कॉलेजात दर जुलैला ग्रंथालय परिचयाचा तास होतो. मी कपाटं दाखवतो, पुस्तकांवरचे क्रमांक समजावतो, मुलं माना डोलावतात आणि दिवाळीपर्यंत सगळं विसरतात. त्यांची चूक नाही. काही शोधायचंच नसेल तर शोधायचं कसं हे कोण लक्षात ठेवेल?

यंदा अर्थशास्त्राच्या मॅडम द्वितीय वर्षाचे प्रकल्प घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. विषय रोजगार हमी योजना. ती कधी सुरू झाली? कुणी १९७२ लिहिलेलं, कुणी १९७७, कुणी १९७९, दोघांनी २००५. "सर, हे एकटीने तपासून भागणार नाही," म्हणाल्या.

मग दोन तास आम्ही मिळून घेतले. चारही सालं फळ्यावर लिहिली आणि गटागटांना वाटून दिली: हे साल आलं कुठून, ते शोधा. १९७२ म्हणजे दुष्काळात सुरू झालेली कामं. कायदा १९७७चा, त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. २००५चा कायदा केंद्राचा. एका मुलाने तर १९६५ शोधून काढलं: या योजनेचे जनक मानले जाणारे वि. स. पागे यांचा तासगाव तालुक्यातला प्रयोग! सालामागचा अर्थ मॅडम सांगत होत्या, त्या कागदापर्यंत पोचायची वाट मी.

शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतो. मी म्हटलं, आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून केलेली यादी तिथे आयती मिळते. हे कळल्यावर मुलांचे चेहरे उजळले.

एका गटाला एआयने सुचवलेलं पुस्तक हवं होतं. लेखक, प्रकाशक, साल, सगळं होतं. मुलांना शेजारी बसवून एकेक सूची पाहिली. ते पुस्तक कुठेच नव्हतं.

मॅडमनी अंतर्गत गुणांतले पाच गुण शोधाच्या नोंदीला ठेवले: कोणता शब्द टाकला, काय मिळालं, काय सोडलं आणि का. माझ्या मते खरा फरक त्या पाच गुणांनी पडला.

परवा एक मुलगी वही घेऊन आली. तिची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. "सर, आजीचं नाव संदर्भसूचीत कुठे लिहायचं?" मी मॅडमना बोलावून घेतलं. तिघांनी बसून 'मुलाखती' असा वेगळा मथळा केला आणि त्याखाली आजीचं नाव, गाव, तारीख लिहिली.